पांढरी सहा

मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी आहे आणि गुरुवारच्या भजनात पेटी वाजवतो. पियानोशी माझा संबंध एवढाच, की भाची पुण्यात तो शिकते. दिवाळीत तिचा फोन आला. "मामा, आम्हाला सांगलीत वाजवायचंय. मी आणि माझा एक मित्र, तो व्हायोलिन वाजवतो. छोटंसंच, पन्नास-साठ माणसं, संध्याकाळी तासभर. तू जमवशील का?" मी म्हटलं, "त्यात काय!"

ह्या 'त्यात काय'चे हप्ते पुढं अडीच महिने फेडले. ते इथं लिहून ठेवतोय, कारण उद्या सांगली-मिरजेत कुणाला अशीच हौस आली, तर माझ्या चुका तरी त्याला फुकटात मिळाव्यात.

व्हायोलिनचं बरं असतं. पेटी खांद्याला अडकवून माणूस कोयना एक्सप्रेसमध्ये बसला की झालं. पियानोला कोण खांद्याला अडकवणार? पुण्याहून भाड्यानं आणायची चौकशी केली. आणायचं, परत न्यायचं आणि मधे सुरात लावायचं, ह्याचा मिळून जो आकडा आला तो ऐकून मी फोन ठेवला आणि पाणी प्यायलो. मग एक सभागृह बघून आलो. तिथले व्यवस्थापक म्हणाले, "कीबोर्ड घ्या की. तसाच वाजतो. आणि माईक आमचेच लावावे लागतील." माईक नकोत म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, की मी जेवणावळीत ताटं नकोत म्हणतोय. मराठीतलं पहिलं नाटक विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये ह्याच सांगलीत केलं, तेव्हा कुठले होते माईक? हे उत्तर मला कृष्णेवरच्या आयर्विन पुलावर आल्यावर सुचलं. नेहमीचंच आहे माझं.

कीबोर्डवर माझा राग नाही. आमच्या मंडळाचा तानपुरा दुरुस्तीला गेला की मशीनवरच भागवतो आम्ही. पण भाचीनं एक गोष्ट सांगितली ती मला लगेच पटली. पियानोत उजव्या पायाखालची पट्टी दाबली, की सगळ्या तारांवरचे दाब एकदम उठतात आणि एक सूर वाजवला तरी बाकीच्या तारा आपसूक बोलायला लागतात. म्हणजे सतारीच्या तरफाच! सतारी करणाऱ्या मिरजेच्या शेजारी राहणाऱ्या माणसाला ह्यापेक्षा जास्त समजावून सांगावं लागत नाही.

जागेचा प्रश्न बाईंनी सोडवला. बाई म्हणजे आमच्या गणिताच्या. विश्रामबागेत त्यांचा जुना बंगला आहे, खालचा दिवाणखाना दोन खोल्यांएवढा. "माझ्याकडं कर. पण चपला ओळीत ठेवायच्या," एवढीच अट. आमचं घर गावभागात, तिथं करायचा विचार आईनंच मोडीत काढला होता. २०१९ च्या पुराची खूण अजून भिंतीवर आहे. "तळमजल्यावर लाकडाचं काही आणायचं नाही," म्हणाली. जानेवारीत कुठला पूर, असं तिला विचारायची माझी हिंमत झाली नाही.

परवान्यांची मला उगाच धास्ती होती. वाजवायचे होते मोझार्ट, बेथोवेन आणि फ्रँक. आपल्याकडं रचनाकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी हक्क संपतात आणि ह्यांतल्या शेवटच्याला जाऊनही शंभरच्या वर वर्षं झालीत. ध्वनिक्षेपक लावायचाच नव्हता. तो विषय तिथंच मिटला.

पियानो शेवटी मिरजेत निघाला. ओळखीतल्या एका डॉक्टरांच्या घरी, त्यांच्या वडिलांच्या वेळचा, उभ्या कपाटासारखा, वर फोटो आणि टेलिफोन डिरेक्टरी. "न्या की, आमच्याकडं कोण वाजवतंय?" मी झाकण उघडून पांढरी सहा, म्हणजे सप्तकातली सहावी पांढरी पट्टी, दाबली. माझ्या कानाला ती काळी चार, म्हणजे तिच्या अलीकडची काळी, लागली. मला वाटलं, मीच चुकीची पट्टी दाबली. पुन्हा दाबली. पट्टी बरोबर होती, सूरच घसरला होता.

इथं माझी पहिली चूक. मी पियानो सुरात लावणाऱ्या ट्यूनरकाकांना पुण्याला फोन करून सांगितलं, की मिरजेत येऊन लावून द्या, मग आम्ही हलवतो. काका फोनवरच तापले. "अहो, लग्न लागायच्या आधी वरात काढता होय? आधी हलवा, भिंतीला लावा, आठ-दहा दिवस त्याला हात लावू नका. नव्या खोलीची हवा त्याच्या लाकडाला लागू द्या. मग मला बोलवा." त्यांनी आणखी दोन गोष्टी बजावल्या. बाहेरच्या भिंतीला लावायचा नाही आणि खिडकीतलं ऊन त्याच्यावर यायला नको. दोन्ही लिहून घेतल्या.

हलवायला मी आमच्या यार्डातलेच हमाल नेले. शेठची परवानगी काढून, रविवारी. हळदीची पोती पाठीवर घेऊन थप्पी लावणारी माणसं, त्यांना वजनाचं काय? पण पोतं पाठीवर बसतं, पियानो बसत नाही. चौघांनी भोवती एक चक्कर मारली. एकानं पट्टी दाबून बघितली.

"दिवाणजी, ही पेटी म्हणायची व्हय?"

"पेटीच. जरा मोठी."

"पेटी न्हवं, कपाट हाय ओ हे. आत कोण बसलंय?"

आत बसलं होतं ओतीव लोखंड. अशा पियानोत सव्वादोनशेच्या आसपास तारा असतात आणि सगळ्यांचा मिळून ताण पंधरा-वीस टनांच्या घरात जातो. तो सोसायला लोखंडी चौकट लागते आणि सगळं वजन पाठीमागच्या बाजूला येतं. त्यामुळं उचलताना तो मागं झुकतो. हे मला काकांनी सांगितलं होतं, मी हमालांना सांगितलं, आणि त्यांनी ते माझ्या आधीच हातानं ओळखलं होतं. खाली दोन गोधड्या, मागं दोघं, पुढं दोघं, उंबऱ्यावर फळी. छोटा हत्ती अंगणात उलटा लावलेला. वीस मिनिटांत चढवला. मी मागं पियानोला धरून उभा राहिलो.

मिरज-सांगली रस्ता दहा किलोमीटरचा. त्यावर गतिरोधक किती आहेत हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं. चौदा. प्रत्येकावर आतून एक आवाज यायचा, सगळ्या तारा एकदम कण्हल्यासारखा, आणि तो पुढच्या गतिरोधकापर्यंत विरत जायचा. सहाव्या-सातव्यानंतर ड्रायव्हरच काच खाली करून म्हणाला, "भाऊ, गाडीचं काय वाजतंय का?"

काका सहा दिवसांनी आले. आठ सांगितले होते, पण तारीख संक्रांतीनंतरच्या शनिवारची ठरलेली होती, इलाज नव्हता. पुढचं फळकूट काढल्यावर आत काय काय निघालं: चार आण्याचं नाणं, दोन हेअरपिना, एका कोपऱ्यात उंदरानं कधीकाळी केलेला संसार. हातोड्यांच्या नमद्याला कसर लागलेली, पण वरच्या टोकाच्या पट्ट्यांनाच. "तिकडं फारसं कुणी जात नाही," काका म्हणाले. मग त्यांनी पांढरी सहा दाबली आणि यंत्रावर बघितलं. सूर सेकंदाला ४४० कंपनांचा पाहिजे, निघाला ४२१. म्हणजे माझा कान खोटं बोलत नव्हता. काळी चारच्या तो जास्त जवळ होता.

"४४० ला नेऊ शकतो," काका म्हणाले. "पण तारा जुन्या आहेत. पाच-सहा तुटतील आणि खुंट्याही सैल आहेत, धरतील का सांगता येत नाही. ४३३ पर्यंत मी जबाबदारी घेतो."

भाचीला फोन. भाचीनं तिच्या मित्राला फोन. मला घाम फुटलेला. पाच मिनिटांत त्या मुलाचाच मला फोन आला. मूळचा मडगावचा, मराठी बोलता बोलता कोकणीत घसरणारा. "मामा, काहीच प्रॉब्लेम नाही. मी चार तारा उतरवीन. फ्रान्समध्ये १८५९ मध्ये कायद्यानं ४३५ ठरवला होता. ४४० वर परिषदेत एकमत झालं ते १९३९ मध्ये. फ्रँकचा सोनाटा, म्हणजे आपण वाजवतोय ती रचना, १८८६ चा आहे. आपण त्याच्या काळाच्या जवळच वाजवतोय." मला बरं वाटावं म्हणून म्हणाला असेल, पण बरं वाटलं. गाणारा आला की पेटीवाला त्याची पट्टी विचारतो. इथं व्हायोलिनवाला पियानोची पट्टी विचारून येणार होता, एवढाच फरक.

पहिल्या दिवशी काकांनी सगळा पियानो नुसता वर खेचला, ढोबळ. दुसऱ्या दिवशी बारीक काम. एका सुराला मधल्या भागात तीन-तीन तारा. दोघींच्या मधे नमद्याची पट्टी खुपसून त्यांना गप्प करायचं, एक लावायची, मग दुसरी तिच्याशी जुळवायची, मग तिसरी. किल्ली खुंटीवर बसवून इतकी कमी फिरवायची, की मला ती फिरलेली दिसायचीच नाही. आवाज मात्र बदलायचा. आधी थरथर, मग लांब डोल, मग पाण्यावर काही हलत नाही तसं. दोन तारा तुटल्या. ठाप् असा आवाज आला तेव्हा बाई स्वयंपाकघरातून झारा घेऊनच बाहेर आल्या.

दुसऱ्या दिवशी मी मिरजेहून चाचांना बोलावलं होतं. आमचा तानपुरा जवारीला त्यांच्याकडंच जातो. घराण्यानं तंतुवाद्यं करणारे, म्हणजे २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं तेव्हा ज्यांच्या गल्लीत पेढे वाटले गेले त्यांतले. त्यांना हे बघायचं होतं. ते खुर्ची ओढून काकांच्या खांद्यामागं बसले आणि पाऊण तास काही बोलले नाहीत. मग काकांनी एक स्वरमेळ वाजवला आणि चाचांनी तोंड वाकडं केलं.

"गंधार चढा आहे."

काका वळले. मला वाटलं, आता भांडण. काका हसले. "चढाच ठेवायचा असतो." मग त्यांनी सांगितलं ते असं: सप्तकाचे बारा सारखे भाग करायचे, म्हणजे कुठल्याही पट्टीत वाजवता येतं. पण त्यात प्रत्येकाला थोडं थोडं पोटाला चिमटा काढावा लागतो. दोन शेजारच्या पट्ट्यांतलं अंतर शंभर भाग धरलं, तर पंचम दोन भाग उतरा, कुणाला कळतही नाही. गंधार मात्र चौदा भाग चढा. तानपुऱ्यातून आपोआप ऐकू येतो तो गंधार हा नव्हे. "बघा," म्हणत त्यांनी दोन पट्ट्या एकत्र दाबल्या, खालच्या सप्तकातली पांढरी चार आणि तिच्या वरची पांढरी सहा, आणि बोटानं हवेत डोल मोजले. सेकंदाला जवळपास सात. "हे सात आले तरच माझं गणित बरोबर. आणि वर सरकत जाल तसे हळूहळू वाढले पाहिजेत."

चाचांनी डोळे मिटून मोजले. "आम्ही हा डोल घालवायला बसतो, तुम्ही मोजून ठेवता," म्हणाले. मग बराच वेळ दोघं तारेच्या पोलादाबद्दल बोलले, ते मला कळलं नाही. मी मात्र मनात पेटीचा विचार करत होतो. तिचाही गंधार असाच. १९४० मध्ये रेडिओवर पेटीला बंदी आली त्यात हेही एक कारण होतं, आणि आम्ही पेटीवाले अजून ते ऐकून घेतो. पियानोला कुणी काही म्हणत नाही. मोठ्या घरची लेक!

आवाजाचं एक राहिलं. खाली शहाबादी फरशी, वर उंच छत, रिकाम्या भिंती. टाळी वाजवली तर परत यायची. सतरंज्या अंथरल्या, बाईंच्या माळ्यावरच्या सहा गोधड्या मागच्या भिंतीला टांगल्या. बाईंनी आलेल्यांना आधी भडंग द्यायचं ठरवलं होतं. त्यावर माझा आणि त्यांचा वाद झाला. सांगलीत पाहुण्याला भडंग नाही म्हणजे काय? पण साठ माणसं कागदाच्या पुड्यांतून भडंग खातायत आणि समोर मोझार्ट! शेवटी नंतर, कॉफीबरोबर, असं ठरलं.

दोघं शुक्रवारी संध्याकाळी कोयनेनं आले. मुलगा काटकुळा, नाकावर घसरणारा चष्मा. आल्या आल्या त्यानं पियानोचा 'ए', म्हणजे आमची पांढरी सहा, वाजवायला सांगितला, चार तारा उतरवल्या, धनुष्याला राळ लावली आणि अर्धा तास नुसते लांब लांब सूर काढत बसला. उतरवलेल्या तारा लगेच स्थिर होत नाहीत म्हणे. भाचीनं पियानो दहा मिनिटं वाजवला आणि माझ्याकडं वळली. "मामा, पानं तू उलटशील ना?"

मला त्यांची लिपी येत नाही हे तिला माहीत होतं. "मी मान हलवीन," म्हणाली. डाव्या बाजूला बसायचं, वेळ आली की उभं राहायचं, डाव्या हातानं पानाचा वरचा कोपरा धरायचा, तिच्या डोळ्यांसमोर हात येऊ द्यायचा नाही. रात्री घरी मी खतावणीवर सराव केला. बायकोनं विचारलं, "ह्या वेळेला कसला हिशेब?"

शनिवारी साडेसहाला बासष्ट माणसं. मंडळातले सगळे, बाईंचे विद्यार्थी, मिरजेहून चाचा आणि त्यांचा नातू, डॉक्टर सहकुटुंब, आणि चारांतले दोन हमाल, इस्त्रीचे कपडे घालून. टाळ्या कधी वाजवायच्या ह्याचे नियम आधी सांगावेत असं भाचीचं म्हणणं होतं. मी नको म्हटलं. आपल्या घरी बोलवायचं आणि दारातच शिस्त शिकवायची हे मला पटत नाही.

मोझार्टचा ई मायनरमधला सोनाटा दोनच भागांचा. १७७८ मधला, त्याच वर्षी पॅरिसमध्ये त्याची आई गेली. भाचीनं एवढंच सांगितलं आणि बसली. सुरुवातीला दोघंही तेच सूर एकत्र वाजवतात, काही साथ नाही, काही नाही. माझ्या उजव्या कानात पियानो आणि समोर व्हायोलिन, आणि दोन्हींच्या मधे फट नव्हती. ४३३ म्हणजे काय ते मला तेव्हा ऐकू आलं. दुसऱ्या भागाच्या मध्यावर तो जो पियानोचा एकट्याचा हळू तुकडा येतो, तिथं मागून स्पष्ट "वा" आलं. भाचीचे खांदे दचकले. पण ओळ तुटली नाही. ती नंतर म्हणाली, "वाजवताना कुणी वा म्हणतं हे मला माहीतच नव्हतं. पुढच्या वेळी कधी येईल ह्याची मी वाटच बघत होते."

बेथोवेनच्या 'स्प्रिंग' सोनाटात माझी दुसरी चूक झाली. संथ भागात ऐकता ऐकता माझी मान डोलत होती, तिची हललेली मला दिसली, आणि मी दोन पानं एकदम उलटली. तिनं डोळे नोटेशनवरून काढून भिंतीकडं लावले आणि वाजवत राहिली. मी थुंकी न लावता दोन पानं वेगळी करायचा प्रयत्न करत होतो. किती वेळ गेला? चार-पाच ओळी असतील. मला मार्चअखेरीसारखे वाटले. त्याच्या पुढचा भाग अगदी छोटा, मिनिटभराचा, आणि त्यात व्हायोलिन मुद्दाम एक ठोका मागं पडल्यासारखं धावतं. पुढच्या रांगेतल्या आमच्या तबलजींनी आधी कपाळाला आठी घातली, मांडीवर बोटं मोजली, आणि मग एकदम हसू फुटलं. "चुकला नाही, चुकल्यासारखं केलं," शेजाऱ्याला त्यांनी सांगितलेलं माझ्यापर्यंत आलं. मधेच रेल्वेचा भोंगा झाला. तो ४३३ मध्ये नव्हता.

फ्रँकचा अख्खा सोनाटा नव्हता, शेवटचाच भाग. "सगळा अजून माझ्या बोटांना झेपत नाही," भाचीनं सरळ सांगितलं. मुलानं दोन वाक्यं जोडली. इझाई नावाच्या व्हायोलिनवादकाला लग्नात भेट म्हणून हा लिहिला. ब्रुसेल्समध्ये तो वाजवला तो चित्रांच्या दालनात, तिथं दिवे लावायला मनाई, आणि संध्याकाळ झाल्यावर त्यांनी शेवटचे भाग अंधारात, न बघता वाजवले. "आमच्यासारखंच, लोडशेडिंग," मागून एक काकू म्हणाल्या.

ह्या भागात पियानो एक ओळ म्हणतो आणि एक माप सोडून व्हायोलिन तीच ओळ म्हणत मागून येतं. मी तीस वर्षं हेच करतोय. बुवा पुढं, पेटी मागं, ते सोडतील ते उचलायचं, त्यांच्या पायात न येता. इथं पेटीच पुढं होती आणि तो गळ्यासारखा आवाज तिच्या मागून, तिनं टाकलेली पावलं शोधत येत होता. मी पानं उलटत होतो. ह्या वेळी एकही चुकलं नाही, कारण मी तिच्या मानेकडं बघतच नव्हतो. कुठं श्वास घेणार ते कळत होतं.

नंतर भडंग संपलं. हमालांपैकी एकानं वाकून पियानोच्या खालच्या कडेवरून हात फिरवला. मिरजेत उंबऱ्यावर घासलं होतं तिथं. "लागलं न्हाई फारसं," म्हणाला.

पियानो अजून बाईंकडंच आहे. डॉक्टर म्हणाले, राहू द्या. काकांनी जाताना सांगितलं होतं, की वर खेचलेला सूर महिन्या-दोन महिन्यांत थोडा खाली येणार, उन्हाळ्यात लाकूड आकसलं की आणखी, आणि पावसाळ्यात फुगलं की परत चढणार. मी फोनवर यंत्र घेतलंय. एप्रिलमध्ये ४२९ होता. सध्या पावसाची झड लागली आहे आणि सगळी सांगली दर दोन तासांनी आयर्विन पुलाची पातळी विचारतेय. चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका, हे इथं लहान पोरालाही पाठ आहे. काल संध्याकाळी पूल बघून मी तसाच विश्रामबागेत गेलो. बाईंनी विचारलं, "किती?"

"चोवीस फूट. आणि ४३२."